सहा हातांचा गणपती: कुठल्या हातात कुठलं दर्शन?

शाडूवाली (गिरगाव)

नमस्कार. जरा घाईची मदत हवी आहे.

आमच्या वाडीच्या गणपतीची मूर्ती यंदा सहा हातांची करायचं ठरलंय. कल्पना माझी, त्यामुळे आरास आणि माहितीफलक दोन्ही माझ्याच गळ्यात आले आहेत. आजी गेली त्या वर्षी तिची ज्ञानेश्वरी माझ्याकडे आली. पहिल्याच अध्यायात 'ॐ नमो जी आद्या' झाल्यावर गणपतीचं ते मोठं रूपक आहे ना, स्मृती म्हणजे अवयव, अठरा पुराणं म्हणजे रत्नांचे दागिने, त्यातच ही ओवी येते:

देखा षड्दर्शनें म्हणिपती । तेचि भुजांची आकृति ।
म्हणौनि विसंवादे धरिती । आयुधें हातीं ॥

आजीने या ओवीशेजारी समासात पेन्सिलीने सहा उभ्या रेघा मारून ठेवल्यात, वाण्याकडचा हिशेब मांडावा तशा. तेव्हापासून ही मूर्ती एकदा डोळ्यांनी बघायचीच, असं मनात होतं.

मूर्ती अडीच फुटी, शाडूची. मूर्तिकार लालबागचे, त्यांच्या वडिलांपासून आमची मूर्ती त्यांच्याचकडे असते. चार हात झालेत. उरलेले दोन खांद्यामागून काढायचे म्हणून तार बांधून ठेवली आहे. आयुधं अगदी शेवटी बसतात. 'पुढच्या रविवारपर्यंत पक्कं सांगा, मग मला रंगाला घ्यायचंय,' म्हणाले.

पुढच्या तीन ओव्यांतून मी लावलेली यादी अशी: तर्क म्हणजे फरशु, नीतिभेद म्हणजे अंकुश, वेदांत म्हणजे मोदक, बौद्धमत म्हणजे मोडका दात, सत्कारवाद म्हणजे वर देणारा हात, धर्मप्रतिष्ठा म्हणजे अभयहस्त. हात सहा भरले. पण शाळेत पाठ केलेली सहा दर्शनं म्हणजे सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, पूर्वमीमांसा आणि वेदांत. मग योग कुठे गेला? बौद्धमत या सहांत कसं आलं? आणि सत्कारवाद म्हणजे शाल-श्रीफळवाला सत्कार नक्कीच नसणार, मग काय?

शेवटचं फलकाचं. मखराच्या वरच्या फलकावर मी लिहिलंय, 'सहा दर्शने, सहा मार्ग, एकच सत्य.' कार्यकारिणीत सगळ्यांना आवडलं. मला मात्र 'विसंवादे' हा शब्द टोचतोय. बरोबर लिहिलंय का मी?

बोरिवली_स्लो

फारच सुंदर कल्पना! फलक आहे तोच ठेवा. आरतीला आलेल्या माणसाला तर्क आणि नीतिभेद कशाला? सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात. सहाही ऋषींना तेच सांगायचं होतं. लोकांनी हात जोडून प्रसन्न मनाने जावं, झालं.

निवृत्त_भाषांतरकार (दहिसर)

शाडूवाली, तुला तूच म्हणते. लग्न होईपर्यंत मी गिरगावातच वाढले, म्हणून तुझा धागा दोनदा वाचला.

फलकापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. 'एकच सत्य' खोडून टाक. ओवीतला 'म्हणौनि' बघ. हातांत आयुधं का आहेत, तर दर्शनांचं आपसांत पटत नाही म्हणून. माउलींनी हे झाकलेलं नाही, उलट गणपतीच्या हातात देऊन सगळ्यांसमोर उभं केलंय. हात एकाच देहाचे आहेत हे खरं, पण कुठल्याही हाताने आयुध खाली ठेवलेलं नाही. बोरिवलीकर, तुमचा भाव मला कळतो. पण ज्यांनी हजार-दीड हजार वर्षं एकमेकांचं म्हणणं ओळीओळीने तपासलं, खोडलं, पुन्हा मांडलं, त्यांना 'तुम्ही सगळे एकच म्हणत होतात' असं सांगितलं तर आपण त्यांच्यातल्या एकाचंही ऐकलेलं नसतं.

हे मी कुठून बोलते ते सांगते. 31 वर्षं मी कोर्टात भाषांतरकार होते. त्याआधी कॉलेजात असताना तीन वर्षं दर रविवारी सकाळी ठाकुरद्वारला एका शास्त्रीबुवांच्या घरी तर्कसंग्रह शिकायला जात होते. अन्नंभट्टांचं हे छोटंसं पुस्तक म्हणजे न्याय-वैशेषिकाची बाराखडी, 'बालानां सुखबोधाय' लिहिलेली. आमच्याकडे होती ती आठल्ये-बोडसांची आवृत्ती, पहिल्यांदा 1897 साली मुंबई संस्कृत मालेतच निघालेली. पानं इतकी पिवळी की उलटताना शास्त्रीबुवा तळहात खाली धरायचे.

न्यायाचं पाठ्य उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे, जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. एका रविवारी पालिकेची धूरफवारणी वाडीत शिरली, खिडकीतून पांढरा लोट आत आला. शास्त्रीबुवांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, 'सांगा, आग कुठाय?' आम्ही गप्प. मग म्हणाले, 'नियम चुकलेला नाही. तुम्ही ज्याला धूर म्हणताय तो धूरच नाही, औषधाचे तुषार आहेत. हेतूच, म्हणजे खूण म्हणून दाखवलेला धूरच, पक्षावर, म्हणजे त्या जागी, नाही. असा हेतू असिद्ध.' मग काकूंच्या गॅसच्या शेगडीकडे बोट केलं. 'आता उलट चला. तिथे आग आहे, मग धूर कुठाय?' आग असली म्हणजे धूर असतोच असं नाही, सरपण ओलं असावं लागतं. त्या ओल्या सरपणाला नैयायिक 'उपाधि' म्हणतात. अनुमानात गुपचूप शिरलेली, न सांगितलेली अट. पुढे कोर्टात साक्षींची भाषांतरं करताना मी मनातल्या मनात हजारदा विचारलं असेल, यात ओलं सरपण कुठे लपलंय?

हा फरशु. तोडून वेगळं करणारा. नीतिभेदाचा अंकुश त्याच्या शेजारचा. न्याय आणि वैशेषिक ही दर्शनं जोडीने चालतात, एकाकडे प्रमाणांचा, म्हणजे ज्ञान कशाने होतं याचा विचार, दुसऱ्याकडे पदार्थांचा, म्हणजे जगात काय काय आहे याचा. कुठल्या आयुधाला कुठलं नाव, यावर अर्थ लावणाऱ्यांचं एकमत नाही. म्हणून दोन्ही आयुधांना मिळून एकच फलक कर.

'सत्कारवाद' म्हणजे सत्कार्यवाद, सांख्यांचा. तो कळायला तुझ्याकडे जी वस्तू आहे तिच्याइतकी चांगली दुसरी नाही. लालबागला जाशील तेव्हा मूर्तीसमोर उभी राहून विचार: ही मूर्ती घडण्याआधी मातीत होती का?

सांख्य म्हणतं, होती. अव्यक्त होती, मूर्तिकाराने व्यक्त केली. नसलेलं कधी निर्माण होत नाही. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही, कारण तिळात ते आधीच आहे. (लहानपणी 'वाळूचे कण रगडिता तेलही गळे' पाठ केलेल्यांना सांख्य मुळीच ऐकू देणार नाही!) ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत नवव्या कारिकेत याची पाच कारणं ओळीने दिलेली आहेत. विसर्जन झालं की मूर्ती नाहीशी होत नाही, पुन्हा कारणात लपते.

न्याय-वैशेषिक म्हणतं, मुळीच नव्हती. माती होती. मूर्ती ही नवी वस्तू, मातीच्या कणांच्या जुळणीतून आज निर्माण झालेली. मूर्तीच मातीत होती तर मूर्तिकाराने चार महिने केलं काय? घडण्याआधी मूर्तीचा 'प्रागभाव' होता, म्हणजे होण्याआधीचं नसणं. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे, मूर्ती घडली की तो संपतो. विसर्जनानंतर 'प्रध्वंसाभाव', म्हणजे नाशानंतरचं नसणं. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. हे मला कळलं त्या वर्षी चौपाटीवर मी फार रडले होते. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो तेव्हा देव येतो, पण ही मूर्ती, हा डोळ्यांचा आकार, ही सोंडेची वळणं पुन्हा कधीच नाही, हे वैशेषिकाने दोन शब्दांत सांगून ठेवलंय.

शंकराचार्यांचं अद्वैत दोघांनाही थांबवतं. छांदोग्य उपनिषदातलं वचन त्यांचा आधार: 'वाचारम्भणं विकारो नामधेयं मृत्तिकेत्येव सत्यम्.' आकार हे बोलण्यापुरतं नाव, खरी ती माती. पण वेदांतातही घरात भांडणं आहेतच. रामानुजांना जग असं नावापुरतं मान्य नाही, ते त्यांच्या मते ब्रह्माचं शरीर आहे आणि तितकंच खरं. मध्वाचार्य तर जीव आणि ईश्वर यांचा भेद कायमचा मानतात. मोदक एक, पण त्याचं सारण काय यावर अजून वाद चालू आहे.

आता योग. ओव्यांत त्याचं नाव सरळ येत नाही, हे तू बरोबर पकडलंस. काही जण दाताचा हात योगाला देतात. मी देणार नाही. पतंजलीने सांख्यांची पंचवीस तत्त्वं घेतली आणि ईश्वर हा एक विशेष पुरुष, म्हणजे चेतन आत्मा, मानला, म्हणून वरदहस्ताच्या फलकावर सांख्याखाली योगाला दोन ओळी दे. तिथेही माती आहेच. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात बदलाचा क्रम सांगितलाय: मातीची भुकटी, मातीचा गोळा, घडा, खापर, कण. मुलांना एवढं तरी नक्की सांग की पतंजलीची सूत्रं दोनशेच्या आत-बाहेर, आणि त्यात आसनावर सरळ बोलणारी जेमतेम तीन. बाकी सगळं चित्ताबद्दल आहे.

बौद्धमत सहांत कसं, याचं उत्तर असं की सहांची यादी तरी सगळीकडे एकच कुठे होती? आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरी या जैन आचार्यांनी षड्दर्शनं मोजली ती बौद्ध, न्याय, सांख्य, जैन, वैशेषिक आणि जैमिनीय, म्हणजे पूर्वमीमांसा. त्यात योग नाही आणि वेदांतही नाही. माउलींच्या ओवीत मात्र बौद्धमत म्हणजे हात नव्हे, हातात धरलेला तुटका दात. ओवीत त्याला 'बौद्धमतसंकेतु वार्तिकांचा' म्हटलंय. 'वार्तिकांचा' म्हणजे वार्तिककारांनी, मूळ ग्रंथावर चिकित्सक टीका लिहिणाऱ्यांनी, ज्याचं खंडन केलं तो. वार्तिक म्हटलं की मीमांसक कुमारिलभट्टांचं श्लोकवार्तिक आठवतं, पण नैयायिक उद्योतकरांचं न्यायवार्तिकही बौद्धांशीच झुंजतं. हा फलक सांभाळून लिही. वाडीत बुद्धवंदना करणारी घरं असतील. आणि खंडन झालं म्हणून ते मत हलकं होत नाही. दिङ्नागासारखा बौद्ध तर्कपंडित प्रतिपक्षी म्हणून समोर नसता तर न्याय आणि मीमांसा एवढी धारदार झालीच नसती. एरवी एवढी आयुधं असताना दात हातात जपून कोण ठेवेल?

राहिला अभयहस्त. धर्मप्रतिष्ठा म्हणजे पूर्वमीमांसा. जैमिनीचं पहिलं सूत्रच 'अथातो धर्मजिज्ञासा'. हे दर्शन माझं सगळ्यांत लाडकं, कारण ते मला कामात भेटलं. वचनाचा अर्थ कसा लावायचा, विधी कुठला आणि नुसती स्तुती, म्हणजे अर्थवाद, कुठला, दोन वचनं भिडली तर कुठलं वरचढ, याचे नियम मीमांसकांनी यज्ञासाठी बनवले आणि ते हिंदू कायद्यात शतकानुशतकं वापरले गेले. एक उदाहरण सांगते. एकुलता एक मुलगा दत्तक देता येतो का? वसिष्ठ म्हणतात, देऊ नये, कारण तो पूर्वजांचा वंश चालवायचा असतो. 'कारण' जोडलेलं वचन म्हणजे सक्तीचा निषेध की नुसता उपदेश, हा शुद्ध मीमांसेचा प्रश्न, आणि त्यावर वर्षानुवर्षं कोर्टांत खल झाला. 1899 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने, असं दत्तक वैध ठरवलं. आपल्या हायकोर्टात वकिली करणारे, गिरगावातच राहिलेले भारतरत्न पां. वा. काणे धर्मशास्त्राइतकेच मीमांसेचेही अभ्यासक होते.

आणि एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून सांगते, फलकावर लिही किंवा नको. जैमिनीच्या सूत्रांवरच्या शबरस्वामींच्या भाष्यात नवव्या अध्यायात प्रश्न आहे, देवतेला शरीर असतं का? ती नैवेद्य खाते का, प्रसन्न होऊन फळ देते का? उत्तर आहे, नाही. फळ कर्म देतं. सांख्यकारिकाही सृष्टीसाठी ईश्वराला बोलावत नाही. वासरासाठी गाईला जसा आपोआप पान्हा फुटतो, तशी प्रकृती, म्हणजे जगाचं जड मूळ, पुरुषासाठी चालते, म्हणते. म्हणजे तुझ्या मूर्तीचा वर देणारा हात आणि 'भिऊ नकोस' म्हणणारा हात, हे दोन्ही अशा दर्शनांचे आहेत ज्यांना जग चालवायला ईश्वर लागत नाही. तिकडे फरशुच्या बाजूला उदयनाचार्य ईश्वर सिद्ध करायला न्यायकुसुमांजली लिहून बसलेत. आणि माउलींनी हे सगळे हात एका गणपतीला दिले. 1290 साली, नेवाशात. माझ्या अंगावर आजही काटा येतो.

चाळीतला_इंजिनिअर

उत्तम प्रतिसाद, जतन करून ठेवला. शाडूवाली, वैशेषिकाच्या फलकावर 'अणूचा शोध कणादांनी लावला' हे मोठ्या अक्षरात टाका. मुलांना अभिमान वाटेल.

निवृत्त_भाषांतरकार (दहिसर)

मुलांना अभिमान जरूर वाटू दे, पण जे आहे त्याचा. आजच्या विज्ञानाचा अणू प्रयोगशाळेतून आला, कणादांचा परमाणू विचारातून. फोडत गेलं तर कुठेतरी थांबावं लागेल, नाहीतर मोहरी आणि मेरू दोघांचेही तुकडे अनंत होतील आणि मग लहान-मोठं म्हणायला आधारच उरणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. तो मुलांना सांगा, त्यांना नक्की कळेल.

आणि दाखवायचंच असेल तर दुपारी चाळीच्या खिडकीतून उन्हाची तिरीप येते तिच्यात मुलांना उभं करा. त्या तिरपेत तरंगणारा धुळीचा कण म्हणजे वैशेषिकांचं त्र्यणुक, डोळ्यांना दिसणारी सगळ्यांत लहान वस्तू. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक. म्हणजे त्या कणाचा सहावा भाग तो परमाणू. आम्हाला शास्त्रीबुवांनी असंच दाखवलं होतं. हात घालू नका, म्हणाले, नुसतं बघा.

शाडूवाली (गिरगाव)

काकू, कसे आभार मानू कळत नाही. मुद्दाम दोन दिवस थांबून लिहितेय, कारण मध्ये लालबागला जाऊन आले.

मूर्तीसमोर उभं राहून मी तुमचा प्रश्न मूर्तिकारकाकांनाच विचारला, ही आधी मातीत होती का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग कोपऱ्यातली बादली दाखवली. सुकलेले, तुटलेले तुकडे त्यात भिजत घातले होते. एक बोट, अर्धा कान, पाटाचा कोपरा. 'हे उद्यापर्यंत परत गोळा होतं. पण हे बोट परत हेच बोट होत नाही. दुसरं होतं.' मी त्यांना प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव सांगितले. त्यांनी दोन्ही शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले आणि भिंतीवरच्या मापांच्या शेजारी खडूने लिहून ठेवले.

दाताचं ऐकून त्यांनी एक बदल केला. हातातला दात वेगळा घडवून ठेवला होता, टोकदार, हस्तिदंती. तो बाजूला ठेवला. मूर्तीच्या तोंडातल्या तुटक्या दाताच्या कडेवर ओली माती दाबून ठसा घेतला आणि हातातल्या दाताची कड त्या ठशावरून केली. दोन्ही तुकडे जवळ आणले तर खाच खाचेत बसते. लांबून कोणाला दिसणार नाही, पण त्यांना ते तसंच हवं होतं.

कार्यकारिणीत फलकावरून तासभर वाद झाला. 'एकच सत्य' काढलं तर लोक नाराज होतील, असं सेक्रेटरींचं म्हणणं. मी आजीची पोथी नेली होती. ओवी मोठ्याने वाचली आणि 'म्हणौनि'वर बोट ठेवलं. शेवटी मखरावर फक्त ओवी लावायची, खाली काहीही नाही, यावर सगळे तयार झाले. फरशु आणि अंकुश मिळून एक, असे पाच छोटे फलक करतेय. शबरस्वामींचा प्रश्न अभयहस्ताच्या फलकावर घालतेय, उत्तरासकट. आमचे गुरुजी म्हणाले, 'लिही. प्रतिष्ठेच्या आधी मी स्वतः वाचून दाखवीन.'

आता एकच शंका. फलकावर 'सत्कारवाद' लिहू की 'सत्कार्यवाद'?

निवृत्त_भाषांतरकार (दहिसर)

ओवीत जे आहे ते ओवीत तसंच ठेव, 'सत्कारवादु'. खाली स्पष्टीकरणात सत्कार्यवाद लिही. आणि पंचमीला दुपारी मी येते आहे. गर्दी कमी असेल, दाताची कड मला जवळून बघायची आहे.